काठोकाठ भरलेला कप

प्रिय दादा,

आधी बातमी, मग खुशाली. आज मी चहाचा काठोकाठ भरलेला कप ओट्यापासून खिडकीपर्यंत नेला आणि थेंबसुद्धा सांडला नाही! शपथ! खिडकीशी उभी राहून एकटीच वेड्यासारखी हसले. कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालं, म्हणून तुला लिहायला बसले. अक्षर बघ. ओळीवर आहे की नाही? मधे तर माझंच अक्षर मला लागत नव्हतं.

फोनवर मी आजाराचा विषय काढला की तू हवापाण्याच्या गप्पा मारतोस, म्हणून आता सगळं ऐकच. बेकरीत केकवर नावं लिहिताना बोटं भलतीकडेच पळायला लागली, तेव्हा मालकीणबाईंनी मला खोकी बांधायला बसवलं. वळताना तोल जायचा, जीभ जड व्हायची. एक गिऱ्हाईक भर दुकानात म्हणालं, ही घेऊन आलेली दिसते. अस्सा संताप आला होता! दारूला कधी शिवले नाही मी.

मग या डॉक्टरीणबाई भेटल्या. वयाने माझ्याहून लहान, पण पक्क्या. मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा तपासायला पाठवला आणि छडा लावला. को-एन्झाइम क्यू-टेन कमी. पेशी ज्याच्या मदतीने ताकद तयार करतात, तेच माझ्यात तुटपुंजं. हातापायांचा ताळमेळ राखतो तो डोक्याच्या मागचा लहान मेंदू. तो उपाशी राहिला की चमचा तोंडाऐवजी नाकाकडे जातो! आता तेच द्रव्य कॅप्सूलमधून घेते. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, मीही अजून जिना कठडा धरूनच चढते. पण काल परत केकवर नाव लिहिलं, दादा! शेवटचं अक्षर घसरलं, त्यावर क्रीमचं फूल काढून टाकलं. कुणाच्या बापाला कळलं नाही.

आई आपल्या दोघांचे कप कायम अर्धेच भरायची, आठवतं? बाबांचा काठोकाठ, आपले अर्धे. घरातले दोन वेंधळे म्हणून सगळे हसायचे. आपणही हसायचो.

आता खरं सांगते. मागच्या महिन्यात तुझ्याकडे आले, तेव्हा वहिनीने मला अर्धा कप दिला. ते ठीक, मी आजारी. पण तुलाही तिने सवयीने अर्धाच दिला, आणि तो तू दोन्ही हातांनी धरलास. रंगकाम करणारा माणूस शिडी सोडून नुसते रंग कालवत बसतो आणि वर गुडघे दुखतात म्हणतो. मला शिकवू नकोस! हे भावंडांत असू शकतं, आणि जितकं लवकर कळेल तितकं बरं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. मला भीती वाटते रे. सोमवारची तुझी वेळ मी घेऊन टाकलीय. वहिनीला घेऊन ये. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू माझा हात धर, मी तुझा धरते. मग घरी चहा. मीच आणून देईन आणि तुझा कप अर्धाच भरीन. सध्या.

तुझीच,
घरातली दुसरी वेंधळी