तिरळा मावळा

रविवार, संध्याकाळ

माझ्या शिशाच्या शिपायांच्या संग्रहासाठी एक मावळा बघायला आज कर्जतला एकाच्या घरी गेलो. नेहमीप्रमाणे भिंग लावलं. हाताला वजन लागत होतं, साच्याची रेघ नीट घासून काढलेली, रंगही कुठे ओघळलेला नाही. पण डोळा! एक बुबुळ बाजूला सरकलेलं.

"तिरळा आहे," म्हणून परत ठेवला.

विकणाऱ्याची म्हातारी आई हसली. "तिरळा नाय ओ भाऊ, तुमच्याकडं बघतोय त्यो."

तरी नाही घेतला. मोहोपाड्याला घरी आलो, कुलूप काढलं. "आणलंत का काही?" विचारायला घरात कोण आहे? कपाटासमोर खुर्ची ओढली. सगळे शिपाई पारखून घेतलेले, बिनचूक. पण नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे. खुर्ची सरकवली, उभा राहिलो, वाकलो. एकही माझ्याकडे बघेना.

तो डोळा... तिरळा नव्हताच तो.