मोटार न्यायला तूच ये

पेडणे,
१४ जानेवारी १९८८

प्रिय गोकुळदास,

तुझी मोटार तयार आहे. पण ती मी निलेशच्या ताब्यात देणार नाही. तुझा मुलगा गुणी आहे, राग त्याच्यावर नाही. मोटार तुझी आहे, ती न्यायला तू स्वतः आलं पाहिजेस. चावी माझ्या कमरेला आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं न वाचता तू पत्र फेकलंस तरी एवढं तुला कळलेलं असेल. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर सांगायच्या, मुद्दा पहिल्या ओळीत यावा. त्यांचं मी आयुष्यात एवढं एकच ऐकलं.

आता चार शब्द मोटारीबद्दल, आणि ते गोड नसतील. काळ्या अँबॅसॅडरची ही काय दशा केली आहेस? मुळगावात राहतोस, दिवसभर खाणीचे ट्रक दारावरून जातात, अंगणातली तुळससुद्धा लाल होते. आणि तू रोज सकाळी कोरडं फडकं घेऊन मोटार पुसतोस! निलेशने मोठ्या कौतुकाने सांगितलं, बाबा एक दिवस चुकवत नाहीत. अरे, ती धूळ म्हणजे दळलेलं लोखंड. कोरड्या फडक्याने तू ती पुसत नव्हतास, रंगावर घासत होतास. टपावर, दारांवर, बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे उमटले आहेत. तुमच्या अख्ख्या गावाला हीच सवय आहे, मोटार जितकी लाडकी तितकी तिची कातडी सोललेली. आधी भरपूर पाणी ओतायचं, धूळ वाहून जाऊ द्यायची, मग हात लावायचा. घरी गेल्यावर हे विसरू नकोस.

निलेशने मोटार आणली तेव्हा भिकाजी आमच्या रंगकामाच्या शेडच्या दारात आरामखुर्चीवर बसले होते. छातीने दगा दिल्याला तोपर्यंत बरेच दिवस झाले होते. डॉक्टरने शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तर यांनी खुर्ची बरोबर उंबऱ्यावर मांडून घेतली, पाय बाहेर. निलेशने तुझा निरोप सांगितला, पॉलिश भिकाजीमामांच्याच हातचं हवं. दीड वर्षात तुझ्याकडून आलेला पहिला शब्द. तो तू माझ्यासाठी नाही, माझ्या नवऱ्यासाठी पाठवलास, हे मी लक्षात ठेवलं आहे. पण त्यांचा चेहरा असा उजळला की मी तोंड मिटून घेतलं. पॉलिशचं मशीन त्यांना उचलवत नव्हतं. मी म्हटलं, सांगा कसं करायचं ते, हात माझे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी वायरी खुपसण्यात काढली, आता हे.

माझ्या नवऱ्याला तू ओळखतोस. स्वतःच्या कामाची एवढी फुशारकी मारणारा माणूस दोन तालुक्यांत नसेल. शिकवतानाही तसंच. मी लोकरीचं पॅड आणि कडक कंपाउंड, म्हणजे रंग घासायचा भरड लेप, उचललं, कारण एवढ्या ओरखड्यांना तेच लागणार हे कुणालाही दिसत होतं. खुर्चीतून ओरडले, "ठेव ता! आधी मवाळ लाव. भागला नाय तर मगे कडक. कडक लावलंस काय मागे येवक जमाचा नाय." मग एका दाराच्या कोपऱ्यात हातभर जागा टेप लावून आखली. त्यांच्या ओळखीच्या एका तारवट्याने बोटीवरून येताना स्पंजची पॅडं आणून दिली होती, ती हे देवाच्या वस्त्रांसारखी जपत. त्यातलं मऊ पॅड, बारीक कंपाउंड, मशीन अगदी हळू. चमक आली, पण ओरखडे तसेच. मग त्याच जागेवर घट्ट स्पंज. थोडे गेले. शेवटी लोकर आणि कडक कंपाउंड, तेव्हा कुठे जाळं तुटलं. मी म्हटलं, हेच मी पहिल्यांदा म्हणत होते. तर म्हणाले, तू म्हणत होतीस, मोटारीने सांगितलं नव्हतं.

मला काय चीड आली असेल तू समजू शकतोस.

पण शिकले. नख आडवं फिरवायचं, ते जिथे अडकतं तो ओरखडा खोल आहे, त्याच्या मागे लागून रंग संपवायचा नाही. लोकर रंग भराभर कापते आणि तापतेही, म्हणून मशीन एका जागी थांबवायचं नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवून मनगटाने आवरायचं, दाबायचं नाही. बॉनेटच्या धारेवर आणि मडगार्डच्या कडांवर रंग पातळ असतो, तिथे टेप चिकटवायची. कडक कंपाउंड लागलेलं पॅड बारीक कंपाउंडला वापरलंस तर केलेलं सगळं काम मातीत. पॅडावर काळं उतरायला लागलं तेव्हा मी घाबरले. म्हणाले, जुना रंग आहे, थोडा देणारच. त्यातही तुझी आठवण निघाली. "तुझ्या भावाच्या गाडीक रंग अजून भरपूर आसा गो. फुकट टाकूची न्हय ती." हे मोटारीबद्दल बोलले, एवढंच मी त्या वेळी धरलं.

गोकुळ, दीड वर्षापूर्वीच्या त्या गणपतीच्या चवथीचं मी आजवर तुझ्याशी बोलले नाही. आता बोलते. आपल्या घरची आरती मराठीत झाली, तूच सगळ्यांत मोठ्याने म्हटलीस, टाळही तुझ्याच हातात. आणि पानावर बसल्यावर राजभाषेचा विषय निघाला, गोव्याची भाषा कोंकणी की मराठी. भिकाजी बांद्याचे, गोव्याच्या हद्दीपलीकडचे, मराठीच्या बाजूने बोलणारच. मीही त्याच बाजूची, हे तुला ठाऊक होतं. माझ्याशी भांडला असतास तर मी पुरून उरले असते. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, त्यांच्याकडे पाहून म्हणालास, "तूं भायलो. गोंयची भास खंयची तें आमी थारायतले." ज्या माणसाने पेडण्यात हयात काढली, तुझी पहिली मोटार रात्रंदिवस राबून रंगवली, आईच्या आजारपणात तिला उचलून डिचोलीच्या दवाखान्यात नेलं, त्याला भायलो, बाहेरचा. मी पानावरून उठले. ते उठले नाहीत. खाली मान घालून खीर संपवली, तुझ्या बायकोला सांगितलं, छान झाली आहे. वाटेत मी त्यांनाच बोलले, तुम्हाला अभिमान नाही का? म्हणाले, चवथीच्या पानावरून उठू नये.

आता तुमची कोंकणी राजभाषा झाली, गोवा राज्य झालं. चांगलं झालं. आपण घरात कोंकणीच बोलत आलो आणि पत्रं मराठीतच लिहीत आलो, या पत्राचं उत्तरही तू मराठीतच लिहिशील. मग त्या दिवशी तू नेमकं कुणासाठी भांडलास, हे मला अजून उमगलेलं नाही.

टप झाला, दारं झाली, मागची डिकी झाली. बॉनेट तेवढं राहिलं होतं. ते उद्या, असं म्हणून आम्ही शेड बंद केली. पहाटे मी चहा घेऊन गेले तर ते गेले होते. हे तुला निलेशकडून कळलंच आहे. त्याने खांदा दिला, दिवसभर माझ्या शेजारी बसून राहिला. तू कुठे आहेस, हे मी त्याला विचारलं नाही. जाताना त्यानेच सांगितलं, बाबा इथून जवळच्या धारगळपर्यंत आले होते आणि परत फिरले. तेव्हापासून हे धारगळ माझ्या घशात अडकलं आहे. अजिबात आला नसतास तर मी तुला शिव्या देऊन मोकळी झाले असते.

चौथ्या दिवशी मी मशीन काढलं. आवाज ऐकून शेजारच्या बाबाजीची बायको कुंपणावरून डोकावली. "सुतकात कित्याक गो हें?" मी म्हटलं, सुतक मला आहे, मोटारीला नाही. बॉनेट मी एकटीने केलं. मवाळापासूनच सुरुवात केली, दर वेळी खुर्चीकडे पाहून. पण एका जागी, दिव्याजवळच्या धारेवर, माझं लक्ष उडालं, मशीन क्षणभर थांबलं आणि रंग भाजला. तांदळाच्या दाण्याएवढा खालचा तांबडा प्रायमर दिसतो. ते असते तर ओरडले असते. कुणी ओरडलं नाही, म्हणून मी तिथेच बसून राहिले, कंपाउंड सुकून पांढरं होईपर्यंत. तो डाग तसाच आहे. कुणाकडून भरून घेऊ नकोस.

आता खरी गोष्ट. सोमवारी तेरावा आहे. काल भट विचारायला आले, माहेरचं कोण येणार? तुला रिवाज माहीत आहे, त्या दिवशी विधवेच्या अंगावर पहिलं लुगडं माहेरचं पडतं, ते पडल्याशिवाय तिने उंबरा ओलांडायचा नाही. या रिवाजाला मी जन्मभर हसले. शांतीकाकूच्या वेळी तर तिच्या तोंडावर हसले होते. भटांनी विचारलं तेव्हा मला हसू आलं नाही. आई गेली, अण्णा गेले, माझ्या माहेरी तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. मी सांगितलं, भाऊ येणार आहे. दुसरं काही तोंडातून निघालंच नाही. लुगडं कुठलंही चालेल. लोकांना काय सांगायचं याची तुला चिंता असेल, तर सांग, मोटार आणायला चाललो आहे.

तुझीच,
शांताबाय