‘भंगार वेचणारी स्त्री’ या नोंदीबाबत

प्रति,
मा. कक्षाधिकारी,
खाडीकिनारा देखरेख कक्ष, ठाणे.

विषय : कै. तुळसा आनंदा भोईर यांच्या मृत्यूच्या अहवालात दुरुस्ती करणेबाबत.
संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) आपला दि. २१ नोव्हेंबर २०२४ चा अहवाल.

महोदय,

मी डोंबिवलीतील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते.

१. घोडबंदर रोडमागील जुन्या मिठागराच्या बांधावर खाऱ्या मातीत एक झुडूप उगवत असे. मी त्याला खाडीकाठी सर्रास वाढणारी मोरस समजत होते. त्याच मिठागरात जन्मभर राबलेल्या तुळसाबाई म्हणाल्या, "ही मोरस नाय गो, हिची जात येगली." पानेही त्यांनीच खुडून दिली. त्या पानांतील हरितलवकाच्या जीनोमचे वाचन केले असता, ही वनस्पती मोरसपासून फार पूर्वीच वेगळी झाल्याचे दिसले. तुळसाबाईंचे खरे होते.

२. नवी जात म्हणून नोंद होण्यास फुलासह फांदीचा जतन केलेला नमुना लागतो. आमची पाने तपासणीतच संपली होती. दरम्यान बांधावर भराव पडू लागला. तो थांबवावा, या अर्जावर "सदर वनस्पती नोंदीत नसल्याने संरक्षणाचा प्रश्न उद्भवत नाही" असे आपण कळविले. निदान नमुना घेऊ द्यावा, या अर्जावर परवानगी केवळ नोंद असलेल्या वनस्पतींसाठीच मिळते, असे उत्तर आले. हीच विनंती पुन्हा करणाऱ्या तिसऱ्या अर्जाला उत्तर नाही.

३. दि. १२ नोव्हेंबर रोजी सकाळी मी तुळसाबाईंना फोनवर विचारले, फुले आली का? "बघून येतंय," त्या म्हणाल्या. जाऊ नका, असे मी म्हटले नाही. मला ते फूल हवे होते.

भरावाची कड खचली व त्या खाली गाडल्या गेल्या. दुपारी त्यांचा मुलगा मितेश यांनी मृतदेह ओळखला. मुठीतील फांद्यांची नोंद पंचनाम्यात "गवत" अशी आहे. मी पोहोचेपर्यंत त्या टाकून दिल्या होत्या.

४. आपल्या अहवालात "भंगार वेचण्यासाठी अनधिकृतपणे शिरलेली स्त्री" असे लिहिले आहे. मितेश यांनी तो कागद मला दाखवला. माझ्यावर ते रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, "आईनं कदी कुनाचा खिळा उचलला नाय."

तरी त्या माझ्या कामासाठी, माझ्या विचारण्यावरून गेल्या होत्या, असे नमूद करावे व विनापरवाना प्रवेशाचा दोष माझ्या नावे लिहावा. होईल ती कारवाई मला मान्य आहे. भराव आता पूर्ण झाल्याने वनस्पतीसंबंधीचे तिन्ही अर्ज मी मागे घेते.

दुरुस्त अहवालाची प्रत मला नको. ती मितेश भोईर यांच्या घरी पाठवावी.

आपली नम्र,
(सही)
देवयानी श्रीपाद वर्तक
डोंबिवली (पूर्व), दि. ९ डिसेंबर २०२४

सोबत : फोन कॉलची नोंद, माझा सहीनिशी जबाब.