पावणेतीन म्हणजे किती

बाई, त्या दिवशी तुम्ही मला मुलींसमोर रागाचा एक शब्दही बोलला नाहीत, हे मी आधी लिहिते. चौथीच्या वर्गाच्या दारात तुम्ही उभ्या होतात, कपाळावर विभूती, हातात हजेरीचं पुस्तक, आणि मी विणकराच्या त्या सडपातळ पोरीच्या तळहातावर पट्टी मारत होते. तिसरी पट्टी मारताना तुम्ही मला दिसलात. तुम्ही आत आलात, तिची पाटी उचलून घेतलीत आणि म्हणालात, "बाई, मधल्या सुट्टीत जरा माझ्या खोलीत या." मुलींसमोर तुम्ही मला नेहमी अहोजाहो करत होतात. खोलीचं दार लागलं की मात्र 'अगं' सुरू व्हायचं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. वैरागहून पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले, तिथं माझ्या 'हाय' आणि 'न्हाय'ला सगळ्याजणी दोन वर्षं हसल्या, आणि तांब्याचं भांडं चिंचेनं घासावं तशी मी माझी बोली घासून काढली. मग नोकरी लागली ती सोलापुरात, गिरणीच्या भोंग्याच्या टापूतल्या, तुम्ही मुख्याध्यापिका असलेल्या मुलींच्या शाळेत. चौथीतल्या अर्ध्याहून जास्त मुली मागवाल्यांच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की माझ्या वर्गात तेलुगूचा एक शब्द चालणार नाही. ती पोर बोटांवर "रेंडु, मूडु" असं पुटपुटत होती आणि वर गणितही चुकलं होतं, म्हणून पट्टी. मला वाटत होतं, मी तिचं भलंच करतेय.

त्या वर्षी एका परीक्षेवर आपलं सगळंच टांगलेलं होतं. शाळा तपासणारे डेप्युटी साहेब येऊन बजावून गेले होते की या वस्तीतल्या मुली पुढं शिकत नाहीत, तर चौथीच्या वरचे वर्ग चालवायचे कशाला? तुम्ही त्यांना म्हणालात, "स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवते आमच्या मुली." साहेब हसले. ती परीक्षा मोठ्या शाळांतल्या मुलांची. भाषेत कसंबसं निभावलं तरी गणिताच्या पेपरात भलेभले गळायचे. "एक जरी पास झाली तरी वर्ग ठेवू," असं म्हणून साहेब टांग्यात बसले. तुम्ही पाच मुली निवडल्यात आणि त्यांचं गणित माझ्या हाती दिलंत. त्या पाचांतच ती सडपातळ पोर होती आणि मी तुम्हाला म्हणाले होते की हिला वगळू या, पोर बेफिकीर आहे.

मधली सुट्टी होते. मी तुमच्या खोलीत येते. तुम्ही जमिनीवर तीन पाट्या मांडून बसलेल्या आहात, तिन्ही तिच्याच. "बस की खाली," तुम्ही म्हणता. "वाच."

मी वाचते. पावणेतीन वार कापडाचा एक तुकडा, असे आठ तुकडे, तर एकूण कापड किती? तिनं लिहिलंय, तीस वार. उत्तर बावीस. मी म्हणते, "बघा ना, गुणाकारसुद्धा येत नाही."

"तिसात आठ किती वेळा जातात?"

मी मनात भागते. "पावणेचार वेळा."

"आणि गणितात काय दिलंय?"

"पावणेतीन."

"आता ही दुसरी बघ. पावणेपाच शेर ज्वारीतली दोन शेर दळली. उरली किती? हिनं लिहिलंय तीन शेर आणि पाऊण. एक शेर जास्त. ही तिसरी, इथंही एकच जास्त. बेफिकीर पोर रोज नवीन चूक करते गं. हिची चूक एकच आहे आणि ती हिनं एकदाही सोडलेली नाही." मग तुम्ही पाटीवर बोट ठेवलंत. "मी मैंदर्गीची. आमच्या घरात कन्नड. दोन आणि पाऊण म्हणायचं तर आम्ही म्हणतो 'एरडू मुक्कालु'. आधी दोन, मग त्याच्यावर पाऊण. तेलुगूतही तसंच असणार. मराठीत आपण 'तीन' म्हणतो आणि त्यातला पाव काढून घेतो. काढून घ्यायचं असतं हे तिला कुणी सांगितलं का? तिनं 'पावणेतीन' ऐकलं, तीन घेतले, त्यावर पाऊण ठेवलं. लहानपणी याच 'पावणे'पायी आमच्या मास्तरांनी माझा कान सुजेपर्यंत पिळला होता. ही पोर चुकत नाही, अगं. ती दुसऱ्याच गणिताचं बरोबर उत्तर देतेय."

तुमचा आवाज चढला नाही, म्हणून ते जास्त लागलं. मी म्हटलं, "पण वर्गात तेलुगू चालू दिलं तर मराठी कधी येणार त्यांना?" तेव्हा तुम्ही म्हणालात, "चाळीस वर्षं मराठी शिकवतेय मी. अजून मनात मोजते ते कन्नडातच. हिशेब ज्या भाषेत होतो त्या भाषेत होऊ दे. उत्तर मराठीत लिहिलं की झालं की."

दुसऱ्या दिवशी मी त्या पोरीला फळ्याजवळ बोलावलं. तिनं हात आधीच पुढं केला, मारासाठी. तो हात मला आजही दिसतो. मी त्यावर खडू ठेवला आणि विचारलं, "तेलुगूत पाऊण कसं म्हणतात?" तिनं आधी मागच्या बाकांकडे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मुप्पावु." दोन आणि पाऊण? "रेंडुंमुप्पावु." मी फळ्यावर लिहिलं: पावणेतीन म्हणजे रेंडुंमुप्पावु. बाकावरच्या चार मुलींच्या तोंडून एकदम "आँऽ" निघालं आणि ती पोर फळ्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे तीन नाहीच? तीनला पोचलंच नाही ते?" बाई, नंतर मी पुष्कळ वर्षं शिकवलं, पण पावणेतीनचा इतका सरळ अर्थ मला कुणी सांगितला नाही. त्यानंतर मी मुलींकडून एक ते दहा तेलुगूत शिकले. माझं 'एनिमिदि' ऐकून वर्ग पोट धरधरून हसायचा. पुण्यातलं हसणं वेगळं होतं. इथं मीही हसत होते.

पुढचा अडथळा घरचा. शाळा सुटल्यावर जादा तास घ्यायचा म्हटलं तर मुली थांबेनात. घरी मागावर सूत लागायचं, त्याच्या कांड्या भरायचं काम मुलींचं. तुम्ही मला घेऊन त्या पोरीच्या घरी गेलात. पुढच्या खोलीत दोन माग खडखडत होते, मागच्या पडवीत तिची आई कांड्या भरायच्या रहाटावर बसलेली. तिनं हात न थांबवता सांगून टाकलं, "पोरगी शाळेत बसली तर कांड्या कोन भरनार, अम्मा? माग थांबला तर आमी खानार काय?" मला वाटलं, तुम्ही शिक्षणाचं महत्त्व सांगाल. तुम्ही पदर खोचून खाली बसलात आणि म्हणालात, "कांड्या भरू दे की तिला. शाळाच हितं आणते." आईचा रहाट तेव्हा थांबला.

मग रोज दुपार कलली की त्या पडवीत आपला वर्ग. पाचही मुली आपापल्या घरचे रहाट आणून ओळीनं बसायच्या. हात चाकावर, सूत कांडीवर आणि तोंडी गणितं. "साडेसात गुणिले सहा!" तुम्ही विचारायचात आणि रहाटांच्या घरघरीतून उत्तर यायचं, कधी तेलुगूत, कधी मराठीत. ज्याला आपण औटकी म्हणतो, तो साडेतीनचा पाढा त्या चाकाच्या फेऱ्यांवर म्हणायच्या. कांडी भरली की पाटीवर एक लेखी गणित, ते सुटलं की पुढची कांडी. आठवडाभरानं ती आई स्वतःच आमच्याकडे बघत म्हणाली, "अम्मा, अशा शिकायला लागल्यापासून कांड्या जास्त भरायला लागल्यात." तुम्ही मोठ्यांदा हसलात. तुम्हाला मोठ्यांदा हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

परीक्षा मुलांच्या हायस्कुलात होती. आपल्या पाच मुली एकमेकींचे हात धरून आत गेल्या आणि पाचशे डोळे त्यांच्याकडे वळले. आपण दोघी फाटकाबाहेर लिंबाखाली बसलो. तुम्ही गळ्यातलं लिंग मुठीत धरून बसला होतात, मी नखं कुरतडत होते. गणिताचा पेपर सुटला तेव्हा मुलं रडकुंडीला येऊन बाहेर पडत होती. एकजण म्हणत होता, कापडाचं गणित कुणालाच सुटलं नसेल. मग आपल्या मुली आल्या. त्या पोरीनं मला लांबूनच ओरडून सांगितलं, "बाई, पावणेसात आलं होतं! सहा न् मुप्पावु! मी फसले नाही!" आजूबाजूची मोठी मोठी माणसं बघत राहिली आणि मी तिला कडेवर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

निकाल घेऊन डेप्युटी साहेब स्वतः आले. टांग्यातून उतरतानाच त्यांचा चेहरा वेगळा होता. साऱ्या मुलींना अंगणात उभं केलं आणि त्यांनी कागद उघडला. पाचांपैकी चार पास. आणि गणितात जिल्ह्यात पहिली आली ती आपल्या शाळेतली विणकराची मुलगी. "खरंच हाय का, साहेब?" माझ्या तोंडून निघालं, चारचौघांत, अगदी वैरागच्या बाजारातल्यासारखं, आणि मला त्याची लाज वाटली नाही. अंगणभर मुली उड्या मारत होत्या. पास न झालेली पाचवी मुलगीसुद्धा उड्या मारत होती, कारण वर्ग राहणार होते आणि तिला पुढच्या वर्षी पुन्हा बसता येणार होतं. ती बसली आणि पास झाली. त्या पोरीची आई हातातली कांडी तशीच घेऊन रस्त्यानं धावत आली आणि तुमच्या पायांवर कोसळली. तुम्ही तिला उठवत होतात आणि तुमच्याच डोळ्यांतून पाणी गळत होतं.

इथवर लिहिताना मला आनंदच झाला. आता राहिलेलं लिहिते. त्या गडबडीत साहेबांनी मला विचारलं होतं, "या मुलींनी पेपरात पावणेसातशेजारी 'सहा न् मुप्पावु' लिहिलंय, ही पावणेची फोड शोधली कुणी? परीक्षकांनी मुद्दाम चौकशी केलीय." तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभ्या होतात, त्या आईला पाणी देत. मी म्हटलं, "मी." तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत आणि साहेबांना म्हणालात, "वर्ग त्यांचाच आहे." पुढं कधीही तुम्ही तो विषय काढला नाहीत. साहेबांनी माझ्या नावापुढं चांगला शेरा लिहिला. तुमच्यानंतर मुख्याध्यापिकेची खुर्ची मला मिळाली, त्यात त्या शेऱ्याचा वाटा होता.

ती पोर पुढं शिक्षिका झाली, आपल्याच शाळेत. माझ्या निरोपाच्या समारंभात ती उभी राहिली आणि पावणेतीनची सगळी गोष्ट तिनं सांगितली, अगदी पट्टीसकट, आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाली, "माझी चूक चूक नव्हती, हे या बाईंना कळलं." टाळ्या वाजल्या. मी गळ्यात हार घालून बसून राहिले.

ती माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. हे पत्र खरं तर तिच्या हातात द्यायला हवं, बाई. पण मी ते तुम्हाला लिहिलं, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, कारण तुम्ही मला काही विचारणार नाही.