शंकेखोर? मी?

३ मे
राजलक्ष्मीने आज व्हिडिओ कॉलवर, तिच्या वडिलांसमोर, मला शंकेखोर म्हटलं. कारण काय, तर पिशवीतलं दूध मी मापून बघितलं. मग मापही दुसऱ्या मापाने मापलं. याला शास्त्र म्हणतात.

४ मे
शब्दाच्या मुळाशी गेलो. शंका संस्कृत, खोर फारसी. खोर म्हणजे खाणारा. लाचखोर, चुगलखोर, भांडखोर यांच्या पंगतीत मी! एका कोशावर विसंबून कसं चालेल? दुसरा काढला. तोही तेच म्हणतो. कॉपी मारली असणार.

संध्याकाळी सासऱ्यांना फोन. बाबासो रिटायर्ड मराठी मास्तर. म्हणाले, मग संशयी म्हणा. त्यात ‘शी’ धातू आहे, म्हणजे निजणं. निजणं! किती शांत शब्द! राजलक्ष्मीला सांगितलं, यापुढे मला संशयी म्हण. ती म्हणाली, तुम्ही निजता कुठं? सारखे उठून कडी बघता.

९ मे
उद्या साताऱ्याला. मेव्हण्याचा, यशराजचा, साखरपुडा. संकल्प : आजपासून सगळ्यांवर विश्वास. सुरुवात शेजारच्या दिपेशपासून. मूळचा इथलाच, खारघरचा. फार हसतो. (का हसतो? नको. संकल्प.) राजलक्ष्मीसमोर त्याच्या हातात घराची चावी ठेवली. ती भारावली. मीही.
चावी जुन्या कुलपाची दिली. विश्वास मनात असतो, चावीत नाही.

१० मे, सातारा
विश्वासाने माणूस किती हलका होतो! सासऱ्यांनी पाठ थोपटली. दिपेशला फक्त चौकशीचे फोन केले. म्हणाला, टेन्शन नको दादा, मी हाय ना. हाय, पण नेमका कुठे?

११ मे
ऐन अंगठी घालताना दिपेशचा फोन. दादा, तुमच्या दाराखालून पानी येतंय, चावी लागत नाय. म्हटलं, नीट फिरव. राजलक्ष्मीने फोन स्पीकरवर टाकला. दिपेश म्हणाला, दादा, ही दुसऱ्याच कुलपाची हाय. अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. यशराजची अंगठी हवेत.

नळ मी बंद केला होता. मग बंद आहे का ते फिरवून बघितलं होतं. झुरळं येतील म्हणून सिंकचं भोकही मीच बुजवलं होतं. म्हणजे काळजीत कुठे कमी पडलो?

१२ मे
दार तोडलं. गाद्या, सोफा, खालच्यांचं सीलिंग, सगळं गेलं. दिपेश आणि त्याची बायको संध्या आमच्याआधी फडकी घेऊन हजर. राजलक्ष्मीने नुसतं एक फडकं माझ्या हातात दिलं. शंकेखोर तरी म्हणायचं.

१४ मे
नवीन कुलूप बसलं. एक चावी राजलक्ष्मीकडे, एक दिपेशकडे. माझी? म्हणाली, बेल वाजवा.

संध्याकाळी वाजवली.
आतून : कोण?
म्हटलं, मी.
आतून : कशावरून?