मिहिकाचा उजवा पाय

मालवीय नगर, जयपूर
४ डिसेंबर २००५

प्रिय तनू,

तुझं चित्र येऊन तीन आठवडे झाले. तेवढ्यात तू चार वेळा फोन केलास आणि चारही वेळा मी तुला इथली थंडी, आईचे गुडघे आणि माझ्या कोचिंग क्लासमधली कार्टी यांचंच पुराण ऐकवलं. तूही विषय काढला नाहीस. चित्रासोबतच्या चिठ्ठीत मात्र सरळ विचारलं होतंस, की कॉलेजच्या प्रदर्शनात प्रत्येकाचं एकच चित्र लागणार आहे, हे दिलं तर चालेल का, आणि नको म्हणालीस तर मिहिकाचं एखादं जुनं चित्र देईन, पण वीस तारखेच्या आत सांग. पुण्यात प्रदर्शन म्हणजे मावशी येणार, मावशीच्या सुना येणार आणि भिंतीवर मी. नाव मिहिकाचं असलं तरी निळे केस सोडले तर ती मीच आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून उत्तर द्यायला इतका वेळ लागला. रागावू नकोस.

काल तुझ्या जुन्या चित्रांच्या वह्या काढून बसले होते. नववीत असताना टीव्हीवरची ती जपानी कार्टून्स पाहून पाहून तू मिहिकाला जन्माला घातलंस. डोंगरावरच्या गावात संध्याकाळी दिवे लावत हिंडणारी मुलगी, अर्ध्या तोंडाएवढे डोळे, गुडघ्यापर्यंत निळे केस. दिवे लावणारी, पण कंदील कायम कमरेला बांधलेला आणि हात कायम पाठीमागे! मी विचारलं तर म्हणालीस, तिला तशीच सवय आहे. सवय कसली, तुला बोटं काढता येत नव्हती. पाय तर इतके लांब की कंबर थेट काखेखाली सुरू व्हायची. आणि शेडिंग म्हणजे पेन्सिलीचा चुरा बोटाने सगळ्या कडांना फासायचा, की झालं. आईला वाटायचं, बिचारीच्या घरात चुलीचा धूर कोंडलाय. तरी मी तुला कधी नावं ठेवली नाहीत. बरं, ठेवली. पण वह्या जपून मीच ठेवल्या, तेवढं लक्षात असू दे.

मग तू सायबर कॅफेत जाऊन तिची चित्रं इंटरनेटवर टाकलीस आणि कुणा परक्या माणसाने खाली लिहिलं, की चेहरा गोड आहे, पण या मुलीच्या अंगात हाडं नाहीत आणि तिच्यावर उजेड चारही बाजूंनी पडतोय. दोन दिवस तू रडलीस. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत एक बटाटा ठेवलास आणि काढायला बसलीस. उजेड एकाच बाजूने, सावली एकाच बाजूला. बटाट्याला कोंब फुटले तरी तू उठली नाहीस, आणि आईने भाजीत घालू का विचारलं तर तिच्यावर खेकसलीस. नंतर मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली बघत बसायचीस आणि मला हाका मारून दाखवायचीस, की टाकीच्या बुडाशी कड कशी सुरीने कापल्यासारखी आहे आणि लांब गेल्यावर कशी विरत जाते. चांदपोलजवळच्या मूर्तिकारांच्या गल्लीत तर तू इतक्या खेपा घातल्यास, की एका म्हाताऱ्या कारागिराने तुला बसायला पाट दिला. त्याने तुला सांगितलं होतं, की आधी वजन कुठल्या पायावर आहे ते ठरव, मग बाकीची मूर्ती आपोआप ठरते. तू धावत येऊन मला ते सांगितलंस तेव्हा मी वह्या तपासत होते. मान वर न करता हूं म्हटलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला तुझा हेवा वाटला होता. मी इतकी वर्षं गणित शिकवते आहे, पण चूक दाखवल्यावर अशी आनंदाने तिच्यामागे लागणारी एकही विद्यार्थिनी मला मिळाली नाही.

त्याच सुमारास तू मला म्हणालीस, ताई, अर्धा तास उभी राहा ना, मला उभं माणूस काढायचंय. मी म्हटलं, हात काढ हवे तितके, उभी राहणार नाही. तू पुन्हा कधी विचारलं नाहीस. माझे हात मात्र शेकड्याने काढलेस, खडू धरलेले, कणीक मळणारे, नाक खाजवणारेसुद्धा. मिहिकाच्या हातात कंदील आला तो माझ्या हातांमुळे, हे मी चारचौघांत सांगत असते. उभी का राहत नाही ते तुलाही ठाऊक होतं. दोन वर्षांची असताना पोलिओने उजवा पाय घेतला, तेव्हापासून मी बसून राहण्यात पटाईत झाले आहे. बाबांच्या विमा कंपनीने त्यांची इथे बदली केली तेव्हा मिरजेच्या सगळ्या नातेवाइकांनी मला आशीर्वाद दिले, जयपूरला पाय मिळतो म्हणून. तो पाय नसलेल्यांना मिळतो, असून नसलेल्यांना नाही, हे कुणाकुणाला समजावणार! घरातल्या प्रत्येक फोटोत मी खुर्चीत आहे. क्लासला मी पंधरा मिनिटं आधी जाते ती शिस्तीची म्हणून नव्हे, पोरं येतील तेव्हा मी बसलेली असावी म्हणून. बॅचमागून बॅच निघून गेल्या, त्यांतल्या कित्येकांनी मला चालताना पाहिलेलं नाही. आणि मी तुला विचारत होते, की मिहिकाचे हात मागे का.

तर हे चित्र. पहिल्या दिवशी उघडलं आणि मला संताप आला. मिहिका पायरीवर उभी, कंदील हातात, सगळं वजन डाव्या पायावर आणि उजवी टाच जमिनीपासून वर. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून चहा उकळायची वाट बघते तेव्हा मी अशी उभी असते. म्हणजे तू चोरून बघत होतीस! गुंडाळी करून कपाटावर टाकून दिलं. आठ दिवसांनी, आई देवळात गेली असताना, पुन्हा काढलं. पट्टी घेतली, हसू नकोस, आणि खांद्यांची रेघ आणि कमरेची रेघ मोजली. डावी कंबर वर, डावा खांदा खाली, दोन्ही रेघा एकमेकींकडे कललेल्या. मग चित्र हातात धरून आईच्या कपाटाच्या मोठ्या आरशासमोर उभी राहिले. तिसाव्या वर्षी, पहिल्यांदा. तनू, तुझ्या रेघा बरोबर होत्या. त्या टाचेखाली तू एक बारीकशी सावली दिली आहेस, आणि कंदिलाचा उजेड त्या फटीतून पलीकडे गेला आहे. माझ्या टाचेखालून उजेड जातो हे मला माहीत नव्हतं. सगळ्यात मोठी गोष्ट ही, की मिहिका बिचारी दिसत नाही. पुढच्या दिव्याकडे निघालेली, घाईतली, थोडी खडूस बाई दिसते. इतकी वर्षं लोकांनी माझ्याकडे बघणं टाळलं किंवा हळहळून बघितलं. तू नीट बघितलंस. मला तुझा फार अभिमान वाटला, आणि मग आई येईपर्यंत मी रडत होते.

एवढं सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पत्र लिहिलं, कारण चित्रात एक चूक आहे आणि ती फोनवर दुरुस्त होणार नाही. उजवी पोटरी तू डावीइतकीच भरीव काढली आहेस. इतकी भरीव पोटरी असती तर टाच वर राहिलीच नसती, म्हणजे वरचं सगळं खरं आणि गुडघ्याखाली थाप. मला वाईट वाटू नये म्हणून केलंस की तुला माहीतच नव्हतं? माहीत नसेल तर दोष माझा, मी तो पाय डॉक्टर आणि आई सोडून कुणाला उघडा दाखवलेला नाही. गेल्या रविवारी सकाळी गच्चीवर एका बाजूने ऊन असताना आईकडून चार फोटो काढून घेतले, सलवार गुडघ्याच्या वर धरून, समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी. आईचे डोळे भरून आल्याने पहिल्या फोटोला कॅमेरा हलला, तो पुन्हा काढायला लावला. रोल धुवायला कोपऱ्यावरच्या दुकानात मी स्वतः गेले. माझे दोन विद्यार्थी तिथेच उभे होते आणि दुकानदाराने फोटो काउंटरवर एकेक करून मांडले. मी ते नीट पाहून घेतले, मगच पाकिटात भरले. तेच पाकीट या पत्रासोबत आहे. मागे मापं लिहिली आहेत, उजवी पोटरी एकवीस सेंटीमीटर, डावी तेहतीस. अजून सोळा दिवस आहेत. पाय नीट काढ आणि हेच चित्र दे.

तुझीच, चूक सापडल्याशिवाय चैन न पडणारी,
ताई