नातीचा डबा आणि तुझी जाळी

आई, सगळ्यात आधी आली ती त्याची आई. तो नाही. तो गाडी लावायच्या निमित्ताने खालीच रेंगाळला आणि ही बाई एकटीच जिना चढून दारात उभी, हातात मिठाईच्या दुकानाचा पुठ्ठ्याचा डबा. मी मनात म्हटलं, आली ती नातीला बघायलाच आली. कंप्युटरचं सामान न्यायला कुणाची आई येते का? आणि डबा बघ, पुठ्ठ्याचा. घरचं काही करून स्टीलच्या डब्यातून आणलं असतं, तर तो परत करायच्या निमित्ताने आपलं जाणं झालं असतं, नाहीतर त्यांचं येणं. पुठ्ठ्याचा डबा म्हणजे आलो, बसलो, गेलो, मागे काही धागा नको. तुझी मुलगी आहे मी, एवढं दार उघडता उघडताच दिसलं मला. तरी तोंडाने म्हटलं, या ना, बसा, जिना चढून दमला असाल.

पण तुला पहिल्यापासून सांगायला हवं. तू गेलीस तेव्हा आपल्या क्वार्टरांच्या लाइनीत कुणाकडे फोनसुद्धा नव्हता. आता आम्ही साकेत नगरात राहतो. मुलगा कामानिमित्त जास्त बाहेरगावीच असतो, सून दवाखान्यात नर्स आहे, तिच्या ड्युट्या. म्हणजे दिवसभर घरात मी आणि माझी नात. ती घरांची चित्रं करते. कागदावर नाही, लॅपटॉपवर. टीव्ही आणि टाइपरायटर एकत्र मिटून त्याची वही केली असं समज. घर अजून बांधलेलंही नसतं, आणि ही त्यात पलंग ठेवते, पडदे लावते, खिडकीतून ऊन आत आणते. लोक ते चित्र बघून ठरवतात घर कसं बांधायचं ते. ऊन आणायलाच म्हणे सगळ्यात जास्त ताकद लागते. आधी तो लॅपटॉप बिचारा एकटाच ते करायचा. तव्यासारखा तापायचा, घरघर करायचा, आणि चित्र कसं दिसायचं, तर रांगोळी सांडल्यासारखं, दाणे दाणे. मग ते हळूहळू भरत जायचं. तोवर माझा स्वयंपाक होऊन जायचा. मला तर कौतुकच होतं त्याचं. आपली पोरगी बसल्या जागी ऊन पाडते, अजून काय पाहिजे?

मग उन्हाळ्यात तिने एक डबा आणला. काळा, लोखंडी, पिठाच्या डब्याएवढा, कडेला भोकं आणि वर उचलायला कडी. त्यात ग्राफिक्स कार्ड म्हणून एक पाटी असते, चित्रं करायची ताकद तिच्यात. हिच्या हलक्या लॅपटॉपच्या पोटात ती मावत नाही, म्हणून बाहेर डब्यात ठेवायची आणि एका वायरीने लॅपटॉपला जोडायची. कुणाकडे काम दाखवायला जायचं असेल तर वायर काढायची, हलकी वही बगलेत मारून निघायचं, घरी आलं की पुन्हा जोडायची. मला त्या डब्याचा पहिल्या दिवसापासून संशय. एक तर त्याला स्वतःचा वेगळा प्लग. दुसरं, मागून गरम हवा सोडतो. तिसरं, कडी. घरात राहायच्या वस्तूला कडी कशाला? एकदा तिने तो उघडून दाखवला तर आत अर्धा रिकामा. मी म्हटलं, फसवलं गं तुला दुकानदाराने. ती म्हणाली, "आजी, हवा खेळायला जागा लागते." मी म्हटलं, म्हणजे एवढी हवा विकत घेतलीस. ती हसायला लागली, पण मी गमतीत बोलत नव्हते. मात्र त्या डब्याची एक गोष्ट मला आवडली. चालू असताना त्याला असं ओढून काढता येत नाही. आधी लॅपटॉपला सांगावं लागतं की हा निघतोय, मग त्याने हो म्हटलं की वायर काढायची. ही स्वतः कुठे निघाली तर घरात कुणाला सांगत नाही, पण डब्याचं बरोबर सांगते.

डबा लावला त्या दिवशी तिने पहिलं चित्र कशाचं केलं माहीत आहे? तुझ्या स्वयंपाकघराचं. गोविंदपुऱ्याकडच्या आपल्या क्वार्टरचं, मी सांगत गेले आणि ती करत गेली. कडप्प्याचा ओटा, वर फळी, फळीवर उलटे घातलेले कप, ओट्यावर तुझं पुरणयंत्र. मी म्हटलं, ऊन चुकलं, ते डावीकडून यायचं. तिने बोट हलवलं आणि आई, ऊन उठून डावीकडे गेलं. लगेच. तुझ्या कपांच्या सावल्या फिरल्या. मी बघत बसले आणि चहा उतू गेला. तरीही संशय गेला नाही. इतक्या सहज जे होतं त्यात काहीतरी खोट असतेच.

त्या चित्रामुळेच मला कळलं तिचा डबा म्हणजे काय ते. ते पुरणयंत्र आहे. रोजची चटणी-भाजी घरातल्या भांड्यात होते, पण होळीला पुरण वाटायचं म्हटलं की यंत्र लागतं. आणि आपल्या साऱ्या लाइनीत ते एकच होतं, तुझं. तू नागपूरहून या हिंदी मुलखात येताना आणलेलं, तीन पायांचं, दांडा फिरवायचा. सगळ्या मराठी बायका मागायला यायच्या. तू नाही कधीच म्हटलं नाहीस. यंत्र द्यायचीस, पण बारीक भोकांची जाळी काढून पिठाच्या डब्यात ठेवून द्यायचीस. म्हणायचीस, पुरण शिजलं की घेऊन या, जाळी इथे आहे, इथेच वाटू. जाळी नसली की यंत्र नुसतं भांडं. मग एकेक जण कुकर आणि यंत्र घेऊन येणार, तुझ्या सतरंजीवर बसणार, दांडा फिरवणार. लाइनीत तुझं नाव संशयी बाई असंच पडलं होतं. मलाही लाज वाटायची. एका होळीला तू अंघोळीला गेली होतीस आणि समोरच्या काकू यंत्र मागायला आल्या. मी शहाणपणा केला, पिठातली जाळी काढून, धुऊन, त्यांच्या हातात दिली. तू बाहेर आलीस, मी सांगितलं, आणि तू म्हणालीस, "दिलीस कशी?" एवढंच. मग दुपारभर माझ्याशी बोलली नाहीस. संध्याकाळी काकूंनी यंत्र घासूनपुसून, जाळीसकट, जसंच्या तसं आणून दिलं. तरी तुझा राग उतरला नाही. मला काही समजेना. वस्तू आली, अख्खी आली, आता कशाचा राग? तू गुपचूप सतरंजी गुंडाळलीस, काढून ठेवलेले कप परत फळीवर उलटे घातलेस.

असो. तर हा मुलगा. तो गोविंदपुऱ्यात एका छोट्या कारखान्यात आहे, मशीनच्या भागांची चित्रं कंप्युटरवर काढतो. दोघांची ओळख कसल्याशा क्लासातली. त्याला असाच डबा घ्यायचा आहे, पण घेण्याआधी चार दिवस वापरून बघायचा आहे. हे त्याने फोनवर विचारलं आणि ही म्हणाली, "हां, ने की." माझ्यासमोर. ज्या डब्यावरची धूळ मला पुसू देत नाही, तो एका फोनवर निघाला. मी विचारलं, तुझं काम? म्हणाली, या आठवड्यात नुसती नकाशांची कामं आहेत, लॅपटॉपला झेपतात. आई, मला डब्याची काळजी नव्हती. जिच्या पोटापाण्याचं यंत्र असं एका हाकेवर घराबाहेर पडतं, ती स्वतः किती हाकांवर पडेल, ही धास्ती. आणि चार दिवस वापरून बघतो म्हणजे काय? काय बघतोय तो?

म्हणून त्याच्या आईला मी नीट निरखत होते. कोटरा सुल्तानाबादला राहतात, मूळच्या अमरावतीकडच्या, सरकारी हापिसात नोकरी करून निवृत्त झालेल्या. नात त्यांना काकू म्हणाली, हेही मी ऐकून ठेवलं. पहिल्यांदा आलेल्या बाईला काकू? पोरगा वर आला तो घरून जुनी गोधडी घेऊन आला होता, डबा गुंडाळायला. दुसऱ्याच्या वस्तूची इतकी काळजी घेणारा एक तर फार चांगला असतो, नाहीतर फार शिकवून पाठवलेला. नातीने त्यांना तुझ्या स्वयंपाकघराचं चित्र दाखवलं. बाई चष्मा लावून वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे यंत्र माझ्या सासूबाईंकडे होतं बाप्पा. अजून आहे माळ्यावर. जाळी हरवली, तेव्हापासून नुसतं पडून आहे."

मला चटकाच बसला. जाळीची गोष्ट हिला कुणी सांगितली? मी नातीकडे बघितलं, तिने खांदे उडवले. मी म्हटलं, आमच्याकडे यंत्रही आहे आणि जाळीही. त्या म्हणाल्या, "नशीबवान आहात." आणि मग नुसत्या चित्रातल्या उन्हाकडे बघत राहिल्या. पोराने मला विचारलं, "आजी, खिडकी पूर्वेला होती का?" मी हो म्हटलं. कुणी कधी विचारलं नव्हतं मला हे.

मग बाई हात धुवायला आत गेल्या. ती दोघं लॅपटॉपवर वाकून डबा निघतोय ते त्याला सांगत होती, जरा जास्तच वेळ सांगत होती. डबा, त्याचा प्लग आणि ती वायर, सगळं कापडी पिशवीत भरून माझ्याजवळ आलं. आता त्या वायरीची गंमत अशी, की तिचं तोंड माझ्या फोनच्या चार्जिंगच्या वायरीसारखंच. मागे मी तिला फोन लावला होता तेव्हा नात केवढी ओरडली होती. म्हणाली, "आजी, दिसते तशी नाही ती. तोंड तेच, पण काम वेगळं. ती नसेल ना, तर डबा नुसता डबा." ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पुढचं तू ओळखलंस. काळी वायर काढली, माझी पांढरी पिशवीत घातली. काळी कुठे ठेवली? तुझं यंत्र माझ्या ओट्याखाली आहे, त्यात, जाळीवर गुंडाळून. त्यांना खाली सोडायला नात गेली. मी गॅलरीतून बघितलं, पोराने डबा पायांमध्ये ठेवला, आईला मागे नीट बसवलं, आणि गाडी इतकी सावकाश नेली की एक सायकलवाला पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. डबा चालू होतोय, पंखा फिरतोय, पण लॅपटॉप म्हणतो काही जोडलेलंच नाही. नातीने आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. तिने विचारलं, "वायर कोणती लावलीस?"

"जी पिशवीत होती तीच. पांढरी."

मी मेथी निवडत होते, मान वर केली नाही. टेबलावर माझा फोन आदल्या दिवसापासून बंद पडलेला. तिने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, बराच वेळ. मग त्याला म्हणाली, "वायरच खराब असेल यार. डबा घेऊन इकडेच ये, इथे बघू. काकूंनाही आण." कारखान्याला सुट्टी असेल तेव्हा येतो म्हणाला. फोन ठेवला, आपला चार्जर आणून माझ्या फोनला लावला आणि माझ्यासमोर बसून मेथी निवडायला लागली. कधी नाही ती. काळी वायर कुठे आहे, हे अजून तिने विचारलेलं नाही.

तेव्हा मला ती तुझी गुंडाळलेली सतरंजी दिसली. नवं गाव, ओळखीचं कुणी नाही, नाना तीन पाळ्यांच्या नोकरीवर, घरात तू आणि एवढीशी मी. तुला वस्तू जाईल याची भीती नव्हतीच. आणि मी इतकी वर्षं तुला संशयी म्हणत आले.

त्या बाईंचाही निरोप आलाय, नातीच्या फोनवर. माळ्यावरचं यंत्र काढलं आहे, येताना घेऊन येतात, तुमची जाळी त्याला बसते का बघू. मी विचार करतेय, तिची जाळी खरंच हरवली आहे का? की तीही पिठात लपवून बसली आहे? तशी असेल तर मग काही चिंताच नाही.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही. तुझ्या यंत्राचा एक पाय आखूड पडतो, डगमगतं ते, त्याखाली घडी करून घालते. एक मात्र सांगते. वायर काढली तेव्हा मला पोराचा संशय होता, पण बाई हात पुसत बाहेर आल्या तेव्हा परत ठेवायला वेळ होता, आणि मी ठेवली नाही. हरभऱ्याची डाळ मागवली आहे. रविवारी येतो म्हणालेत.